माणसं मोजून झाली, आता घोळके मोजा

कुठे अफवेवरून कुणाला मारहाण झाली, कुठे एका लग्नानंतर अख्खी गल्ली तापाने फणफणली, की आपल्याकडचा वाद ठरलेल्या दोन रुळांवर पळायला लागतो. एक पार्टी म्हणते पहिल्यांदा कुणी पाठवलं, कुणी आणलं ते शोधा आणि त्याला आत टाका. दुसरी म्हणते आत टाकून काय होणार, लोकांनाच अक्कल नाही, जनजागृती करा. मग दोघांची रात्रभर जुंपते, चॅनेलवर पण आणि सोसायटीच्या ग्रुपवर पण, आणि गंमत म्हणजे दोघं एकच चूक करतायत हे कुणाच्याच लक्षात येत नाही. दोघंही माणसं सुटी सुटी धरतात. एकाला गुन्हेगार माणूस सापडायला हवाय, दुसऱ्याला अडाणी माणूस. माझं म्हणणं असं की रोग असो की अफवा, कितीतरी वेळा ती ‘ह्याने त्याला दिली, त्याने तिला दिली’ अशी पसरतच नाही, ती जमलेल्या घोळक्यात पसरते, आणि घोळका म्हणजे नुसती माणसांची बेरीज नसते. हे बोलण्यापुरतं नाहीये, ह्याचं रीतसर गणित आहे, आणि त्यातून निघणारे उपाय आपण आज करतोय त्याहून बरेच वेगळे आहेत.

धुळ्याचं राईनपाडा आठवा. 1 जुलै 2018, रविवार, साक्री तालुक्यातल्या त्या गावाचा बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे, त्यांना मुलं पळवणारी टोळी समजून लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत घालून जिवे मारलं. त्यानंतर सगळी चर्चा गेली व्हॉट्सॲपवर. मेसेज फिरत होते हे खरंच आहे, त्या दिवसांत देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीचा कापलेला तुकडा होता. पण असे मेसेज काय फक्त राईनपाड्यातच आले होते का? ते गावोगाव आले, लोकांनी वाचले, पुढे ढकलले आणि जेवायला बसले. मेसेज पोचणं ही एक गोष्ट झाली आणि माणूस मारणं ही पूर्ण वेगळी. पहिलीला एक फोन आणि एक अंगठा पुरतो, दुसरीला बाजार लागतो. घरी एकटा फोन बघणारा माणूस घाबरतो, फार तर पोराला अंगणातून आत बोलावतो. तोच माणूस बाजारात उभा असतो तेव्हा डावीकडच्याने तो मेसेज वाचलेला असतो, उजवीकडच्याने पण वाचलेला असतो, आणि मुख्य म्हणजे तिघांनाही माहीत असतं की बाकी दोघांनी वाचलाय. हे जे तिसरं आहे ना, ते कुठल्याच दोघांच्या मधे नसतं, ते तिघं एकत्र आले तरच तयार होतं.

आता हे गणितात कुठे हरवलं ते बघू, कारण गोष्ट आपल्या मुंबईतूनच जाते. 1927 साली कर्मॅक आणि मॅकेंड्रिक ह्या दोघांनी साथीचं जे मॉडेल मांडलं ते आजही प्रत्येक पुस्तकात पहिलं शिकवतात. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला, आणि कर्मॅक प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गेलेला केमिस्ट. लोकसंख्येचे तीन कप्पे करायचे, लागण होऊ शकते असे, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा गेलेले, आणि सगळी माणसं सगळ्यांना सारखीच भेटतात असं धरायचं. हे त्यांनी पडताळलं कशावर, तर डिसेंबर 1905 ते जुलै 1906 मधल्या मुंबईतल्या प्लेगच्या दर आठवड्याच्या मृत्यूंवर. आणि वक्ररेषा आकड्यांवर अशी काही बसली की बघत राहावं. पण प्लेग माणसाकडून माणसाला जात होता का? मुंबईतला तो प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून येत होता. हे त्या दोघांना माहीत होतं, माणसातला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे असं त्यांनी त्याच लेखात म्हटलंय, लपवलं काहीच नाही. म्हणजे रेषा बसली, आणि रोग ज्या वाटेने फिरत होता ती वाट मॉडेलमध्ये नव्हतीच. कुणी ग्राफ तोंडावर फेकून ‘बघा, आमचं मॉडेल जुळतंय’ म्हणालं की मला हटकून ही रेषा आठवते.

आणि वाट चुकली की माणसांचे हाल होतात, हे पुण्याला वेगळं सांगायला नको. 1897 मध्ये रँडच्या कमिटीचे सोल्जर घरात घुसले, माणसं तपासली, उचलून कँपात नेली, सामान रस्त्यावर काढलं. जून महिन्यात रँडवर गोळी झाडली गेली, पुढचा इतिहास पाठ आहे सगळ्यांना. पण त्या इतिहासात एक बाजू राहून जाते. प्लेगमध्ये पिसवांचा हात आहे हे पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं 1898 साली, म्हणजे पुण्यातल्या त्या सगळ्या झडतीच्या दुसऱ्या वर्षी. माणूस उचलून नेत होते आणि उंदीर घरातच होते. त्याच 1897 चा साथरोग कायदा आपण 2020 मध्ये परत काढला आणि परत माणसाच्या हातावर शिक्के मारत बसलो.

थोडं थांबून समोरच्यांची बाजू पण नीट मांडतो, कारण ती लेचीपेची नाहीये. जोडीजोडीने विचार करणं फालतू असतं तर देवी गेलीच नसती. 1970 च्या दशकात आपल्याकडे देवीचा एकेक रोगी शोधून त्याच्या आजूबाजूच्यांना लस टोचत गेले आणि 1975 मध्ये देश देवीमुक्त झाला, ते काम ‘कोण कुणाच्या संपर्कात आला’ ह्याच हिशोबावर झालं. एचआयव्हीचंही तसंच. शिवाय गणितवाले अजून एक खोच काढतात आणि ती बरोबर आहे: घोळक्यात दोन आजारी असताना धोका बरोब्बर दुप्पट आणि तीन असताना बरोब्बर तिप्पट होत असेल, तर घोळका वेगळा धरायची गरजच नाही, सगळं जोड्यांमध्ये मोडून लिहिता येतं, उत्तर तेच येतं. मान्य. मग प्रश्न एवढाच उरतो की धोका असा सरळ हिशोबात वाढतो का?

चौकातल्या सिग्नलला उभे राहा आणि बघा. एक बाईकवाला लाल सिग्नल तोडून गेला तर लोक शिव्या घालतात. दोन गेले तर चुळबुळ सुरू होते. चार-पाच एकदम निघाले की मागचे सगळे निघतात, आणि थांबलेल्यालाच मागून हॉर्न बसतो. एकाचा परिणाम जवळपास शून्य आणि पाचांचा परिणाम पाचपट नाही तर सगळा चौक. इथे सरळ हिशोब मोडला. 2019 मध्ये इयाकोपिनी, पेत्री, बारा आणि लातोरा ह्या चौघांनी हेच अगदी साध्या रूपात मांडलं: नेहमीच्या जोडीच्या लागणीसोबत एक जादा नियम घाला, की तिघांच्या कंपूत दोघं आधीच ‘लागलेले’ असतील तर तिसऱ्यावर एक जास्तीचा दाब येतो. बस, एवढंच. पण तेवढ्याने मॉडेलची चाल बदलून जाते. नुसत्या जोड्या असताना प्रसार हळूहळू चढतो. कंपूचा दाब पुरेसा असेल तर तो एकदम उडी मारतो, आणि सुरुवातीला थोडेच लोक लागलेले असतील तर विझून जातो, ठराविक आकडा ओलांडला तर त्याच जागी, त्याच लोकांत पेटतो आणि पेटलेलाच राहतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चढायची आणि उतरायची पायरी एक नसते. जेवढ्या प्रयत्नात अफवा सुरुवातीला थांबली असती तेवढ्याच प्रयत्नात ती नंतर उतरत नाही, दाब बराच जास्त खाली आणावा लागतो. ‘आम्ही दुसऱ्या दिवशी खुलासा दिला होता’ म्हणणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हे वाचायला हवं.

आकड्यांचा खेळ पण बघून घ्या. दहा जणांच्या खोलीत जोड्या होतात 45 आणि तिघांचे कंपू 120. पन्नास जणांच्या हॉलमध्ये जोड्या 1,225 आणि कंपू 19,600. माणसं पाचपट, जोड्या सत्तावीसपट, कंपू दीडशेपटीच्या वर. अर्थात हॉलमधले सगळे सगळ्यांशी बोलत नाहीत, हे कमाल आकडे आहेत, पण दिशा कळते ना. 50 जणांचा एक कार्यक्रम म्हणजे 10 जणांचे पाच कार्यक्रम नव्हेत.

‘लोकच मूर्ख’वाल्यांकडे येतो. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1978 मध्ये एक उदाहरण दिलं होतं, ते मला अजून कुणी खोडून दाखवलेलं नाही. समजा चौकात 100 माणसं आहेत आणि प्रत्येकाचा एक आकडा आहे, किती जणांनी दगड उचलला की मी उचलेन. एकाचा आकडा शून्य, म्हणजे तो स्वतःच सुरुवात करणार. दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शेवटच्याचा 99. पहिल्याने उचलला, त्याला बघून दुसऱ्याने, दोघांना बघून तिसऱ्याने, आणि शंभरच्या शंभर दंगलीत. आता फक्त एका माणसाचा आकडा बदला, ज्याचा एक होता त्याचा दोन करा. पहिला दगड उचलतो आणि... काहीच होत नाही. दोनवाल्यांना दोन हवेत आणि उचललाय एकानेच. दुसऱ्या दिवशी पेपरात येणार ‘एका माथेफिरूचा गोंधळ’. दोन्ही चौकांत 99 माणसं तीच, शिक्षण तेच, अक्कल तीच. मग पहिल्या गावाला रानटी आणि दुसऱ्याला सुसंस्कृत कशाच्या जोरावर म्हणायचं?

आणि शिकलेले लोक घोळक्यात वेगळे वागतात हा भ्रम तर 21 सप्टेंबर 1995 लाच फुटला. त्या दिवशी गणपती दूध पिऊ लागला. आपल्याकडे मोबाईल येऊन दोन महिने पण झाले नव्हते, व्हॉट्सॲप तर सोडाच, बातमी गेली घरच्या फोनवरून, एसटीडी बूथवरून, तोंडोतोंडी, आणि दिवस संपायच्या आत दिल्लीपासून लंडनपर्यंत देवळांपुढे रांगा. त्यात डॉक्टर, इंजिनिअर, प्रोफेसर सगळे होते. शास्त्रज्ञांनी पृष्ठताणाने चमच्यातलं दूध कसं ओढलं जातं आणि मूर्तीवरून कसं ओघळतं ते रंग टाकून दाखवलं, अंनिसवाले इथे गळा काढून सांगत होते. पण रांगेत उभ्या माणसाला पटवणारी गोष्ट चमच्यात नव्हतीच, ती त्याच्या पुढे आणि मागे उभी होती. एकट्याने घरातल्या मूर्तीला चमचा लावला असता तर त्याने मूर्तीखालची ओल पाहिली असती, देवळात ती पुसायला पण माणसं होती. तंत्रज्ञानावर सगळं ढकलणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

रोगाचं बोलू. 10 मार्च 2020, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅलीच्या एका गायनवृंदाची तालीम झाली, अडीच तास, 61 जण. त्यातल्या एकाला बरं नव्हतं. 53 जण आजारी पडले, दोघं गेले. आता ‘त्या एकाने 52 जणांना दिला’ असं म्हणायचं? तोच माणूस त्या संध्याकाळी भाजी आणायला गेला असता तर कदाचित कुणालाच लागला नसता. बंद खोली, जवळजवळ बसलेली माणसं, मोठ्याने गाणं आणि अडीच तास, लागण ह्या सगळ्याची मिळून झाली. आपल्याकडचा तामिळनाडू आणि आंध्रचा मोठा अभ्यास 2020 मध्येच आला, त्यात ज्यांचे संपर्क शोधले त्यातल्या साधारण 70 टक्के रोग्यांच्या एकाही संपर्काला लागण झालेली सापडली नाही. बहुतेक जण कुणालाच देत नाहीत आणि थोड्या जागी ढिगाने होतं. जपानने हे लवकर ओळखलं, तिथे बंद जागा, गर्दी आणि जवळून बोलणं ह्या तिन्हींवर भर दिला आणि रोगी सापडला की ‘तू कुणाला दिला’ इतकंच ‘तुला कुठे लागला’ हेही विचारलं.

आणि आपण काय केलं? लग्नाला 50, मग 25 माणसं ही मर्यादा घातली, ते बरोबरच होतं, तेवढं श्रेय देतो. पण एप्रिल 2021 मध्ये ‘ब्रेक द चेन’च्या नियमांत किराणा आणि भाजीची दुकानं सकाळी 7 ते 11 एवढीच उघडी ठेवली. माणसं मोजणाऱ्या डोक्यातून हा निर्णय एकदम शहाणा वाटतो, दुकान कमी तास उघडं म्हणजे भेटी कमी. घोळका मोजणाऱ्या डोक्याने बघा: जी गिऱ्हाइकं दिवसभर चार-दोन करून आली असती ती सगळी चार तासांत कोंबली. भेटी कमी झाल्या असतील, घोळका मोठा झाला. तसंच ‘घरी बसा, सुरक्षित राहा’चं. जुलै 2020 मध्ये मुंबईत जो सेरो सर्व्हे झाला त्यात झोपडपट्टीत 57 टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या आणि बाहेरच्या वस्तीत 16 टक्के. तेव्हा ‘झोपडपट्टीवाल्यांना शिस्त नाही’ हे किती जणांनी किती सहज म्हटलं! दहा बाय दहाच्या खोलीत सहा-आठ माणसं आणि अख्ख्या चाळीला मिळून सार्वजनिक संडास, तिथे घरी बसणं म्हणजेच घोळक्यात बसणं. शिस्तीचा संबंध कुठे आला?

आता एक आक्षेप मला मनापासून मान्य करायला लागतो. फॉरवर्डवरची मर्यादा उपयोगी पडली. राईनपाड्यानंतर तीनच आठवड्यांत व्हॉट्सॲपने भारतात पाच चॅटची मर्यादा आणली, 2019 मध्ये ती जगभर लागू झाली, आणि एप्रिल 2020 मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाईल असं केल्यावर असे मेसेज 70 टक्के कमी झाले असं कंपनीनेच सांगितलं. आकडा कंपनीचा आहे, पण दिशा खोटी वाटत नाही. मग माझी तक्रार काय? तक्रार ही की 2018 मध्ये ग्रुपची मर्यादा 256 होती, म्हणजे पाच ग्रुपला एक मेसेज गेला की जवळपास 1,280 माणसं. 2022 मध्ये त्याच कंपनीने ग्रुप आधी 512 चा आणि मग 1,024 चा केला. एका बाजूने बोट अडवलं आणि दुसऱ्या बाजूने मांडव चौपट केला, आणि पहिल्याची बातमी झाली, दुसऱ्याचं लोकांनी स्वागत केलं. डेमन सेंटोला ह्या समाजशास्त्रज्ञाने 2010 मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की माणसाने वागणं बदलायचं असेल तर लांबलांबच्या ओळखींपेक्षा एकमेकांना ओळखणाऱ्या घट्ट कंपूत ते जास्त पसरतं, कारण तिथे तीच गोष्ट चार तोंडांतून येते. आपला भावकीचा ग्रुप, गावचा ग्रुप, मंडळाचा ग्रुप, सगळे असेच घट्ट. अनोळखी माणसाच्या फॉरवर्डपेक्षा तिथला काकांचा फॉरवर्ड, त्यावर आत्याचा अंगठा आणि मामांचे हात जोडलेले, हे जास्त जड असतं.

‘मग काय गुन्हेगार सोडून द्यायचे?’ हा प्रश्न येणारच, आणि तो रागाने विचारला जातो ते योग्यच आहे. ज्याने मारलं त्याने मारलं, घोळका होता म्हणून त्याचा हात दुसऱ्याचा होत नाही. राईनपाड्यात पाच जण गेले, पाच घरं उघडी पडली, तिथे गणित सांगायची कुणाची हिंमत आहे? पण शिक्षा मागच्या गुन्ह्याची असते आणि आपण बोलतोय पुढचा टाळायचं, ह्या दोन कामांना एकच हत्यार पुरत नाही. उलट घोळक्याच्या नावाखाली भलत्याच माणसाला धरायची खोड मात्र आपल्याला आहे. ग्रुपमध्ये कुणी काही टाकलं की ॲडमिनवर केस! 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला सांगायला लागलं की सामाईक हेतू दिसत नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. ॲडमिनला आत टाकणं हा घोळक्याचा विचार नाहीच, तो परत एकदा सोयीचा एक माणूस शोधणं आहे.

ह्याहून मोठी भीती वेगळी आहे आणि ती मला पण वाटते. घोळका धोकादायक असं एकदा म्हटलं की सरकारला जमावबंदी लावायला आणि इंटरनेट बंद करायला निमित्तच हवं असतं. म्हणून स्पष्ट सांगतो, घोळका मोजा म्हणजे घोळका मोडा नव्हे. ज्या गणिताने अफवा पेटते त्याच गणिताने चांगलं पण पेटतं. 2021 च्या एप्रिल-मे मध्ये बेड आणि ऑक्सिजन कुठे आहे हे शोधणारे ग्रुप आपणच चालवले. गावातलं दारूचं दुकान बंद करायला आपल्याकडे बाटली आडवी करायचं मतदान असतं, त्यात एकेका बाईला वेगळं पटवून भागत नाही, एकटी बोलली तर घरी मार खाईल, निम्म्याहून जास्त जणी एकदम आल्या की दुकान जातं. कायद्यानेच तिथे उंबरठा आखून दिलाय. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची ग्रामसभा सगळ्यांच्या संमतीने निर्णय घेते, ते तर ह्याच्याही पुढे. इंटरनेट बंद केलं तर अफवा तोंडोतोंडी जाते, 1995 ला गेलीच की, आणि खुलासा तेवढा अडकून पडतो.

मग करायचं काय, तर घोळका बनायच्या जागी आधी जाऊन उभं राहायचं. मुलं पळवणाऱ्यांची अफवा तालुक्यात आली हे पोलिसांना कळतं, पत्रक निघतं, ते व्हॉट्सॲपवर फिरतं, प्रत्येक जण एकटा वाचतो. त्याऐवजी बाजाराच्या दिवशी, बाजारात, भोंग्यावरून, सरपंच आणि भटक्या समाजाच्या एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे शेजारच्यानेही ऐकलंय हे प्रत्येकाला माहीत होईल. ग्रॅनोव्हेटरच्या चौकात तो एक आकडा एकवरून दोनवर न्यायला एवढं पुरू शकतं.

शेवटचा आक्षेप संशोधकांचा, आणि तो खरा दुखरा आहे: घोळक्याचं मॉडेल करायला घोळक्याचा डेटा लागतो आणि तो नाहीये, आणि जादा आकडे घातले की कुठलंही मॉडेल कशावरही बसवता येतं. बरोबर, मुंबईच्या प्लेगवर कमी आकड्यांचंही बसलंच होतं. पण डेटा नाही कारण आपण तो विचारलाच नाही. कोविडमध्ये कॉन्टॅक्ट ट्रेसिंगच्या नावाने लोकांकडून नावं आणि फोन नंबर लिहून घेतले. पुढच्या साथीच्या फॉर्मवर आणखी चार रकाने छापायला किती खर्च येतो? गेल्या दहा दिवसांत कुठे कुठे एकत्र जमलात, किती जण होते, किती वेळ, खिडक्या उघड्या होत्या का.